धुराच्या आधीचं अनुमान : स्पर्धेतल्या यंत्रमानवाची मोटर आणि तिच्या उष्णतेचा इतिहास

आजचा विषय वाचून काही जणांना वाटलं असेल की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचा मोटरशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो अनुमानाचा आहे. न्यायदर्शनात डोंगरावरचा धूर आणि त्यावरून कळणारा अग्नी हे उदाहरण प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतं. पण यंत्रमानवांच्या स्पर्धेत ज्या मुलांनी मोटरमधून धूर निघताना पाहिला आहे, त्यांना विचारा. ती सांगतील की धूर दिसला तेव्हा अनुमान बरोबर होतं, पण उपयोग शून्य होता. आतली गुंडाळी तोवर जळून गेलेली होती.

नैयायिकांनी अनुमानाचे प्रकार सांगितले, त्यांतले दोन आज आपल्याला हवेत. नदीला गढूळ पूर आलेला पाहून वर कुठेतरी पाऊस झाला असं आपण म्हणतो, ते शेषवत्. म्हणजे कार्यावरून कारणाकडे. आणि ढग दाटलेले पाहून पाऊस येणार असं म्हणतो, ते पूर्ववत्. कारणावरून कार्याकडे. दोन सामन्यांच्या मधल्या वेळात तापलेल्या मोटरचं काय करायचं, या प्रश्नाचा इतिहास पाहिला तर तो शेषवत् अनुमानाकडून पूर्ववत् अनुमानाकडे झालेला प्रवास आहे. एवढंच मला आज सांगायचं आहे. बाकीचा तास त्याच्या पुराव्यात जाईल.

आधी स्पर्धा कोणत्या ते पाहू. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये वूडी फ्लॉवर्स नावाचे प्राध्यापक १९७०च्या दशकात यंत्ररचनेच्या विषयात विद्यार्थ्यांना एकसारखं सामान देऊन यंत्रं बनवायला आणि ती एकमेकांविरुद्ध खेळवायला लावायचे. पुढे डीन केमन या संशोधकाने १९८९ मध्ये 'फर्स्ट' ही संस्था काढली, फ्लॉवर्स तिच्याशी जोडले गेले, आणि १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टर गावी एका शाळेच्या व्यायामशाळेत पहिली स्पर्धा झाली. २८ संघ होते. जपानमध्ये मासाहिरो मोरी या प्राध्यापकांच्या प्रेरणेतून 'रोबोकॉन' उभी राहिली, १९८८ पासून तिथलं सार्वजनिक प्रसारण मंडळ ती भरवू लागलं, आणि २००२ मध्ये टोकियोत तिला आशियाई स्वरूप आलं. हीच आशियाई स्पर्धा २००८ मध्ये आपल्या पुण्यात झाली. तिचा विषय होता 'गोविंदा'. उंच टांगलेल्या मडक्यातलं लोणी यंत्रमानवाने काढायचं! दहीहंडी आपण पुढे पुन्हा आठवणार आहोत, कारण मोटरबद्दलची एक महत्त्वाची गोष्ट तिच्यातून फार सोपी होते.

या स्पर्धांमध्ये सामना लहान असतो. दोन मिनिटं, अडीच, फार तर तीन. दोन-तीन मिनिटांत मोटर जळते तरी कशी, असं बाहेरच्याला वाटतं. उत्तरासाठी थोडं मागे जावं लागेल.

इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या शेजारी सॅलफर्ड म्हणून गाव आहे. तिथे १८१८ मध्ये जेम्स प्रेस्कॉट जूल जन्मला. घरचा धंदा बिअर गाळायचा. विशीतल्या या मुलाला वाटलं की वाफेचं इंजिन जाऊन विजेची मोटर येईल. त्याचे पहिले लेख, १८३८ पासूनचे, मोटर कशी सुधारावी याबद्दलच आहेत. मोटरवर काम करताना तो तारेत निर्माण होणाऱ्या उष्णतेकडे वळला. काचेच्या भांड्यात पाणी, पाण्यात तारेचं वेटोळं, शेजारी थर्मामीटर. १८४१ मध्ये त्याने नियम सविस्तर छापला : उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. त्याच सुमाराला त्याने असाही हिशेब मांडला की बॅटरीतलं एक पौंड जस्त जेवढं काम देतं, त्याच्या चार-पाच पट काम उत्तम वाफेच्या इंजिनात एक पौंड कोळसा देतो. मोटरवरची त्याची आशा मावळली. पण तिच्या नादाने सापडलेला नियम राहिला.

गंमत पाहा. आज आपण या नियमाला फक्त उष्णतेचा नियम म्हणून शिकवतो. त्याचा जन्म मात्र 'मोटर चांगली कशी करावी' या प्रश्नाच्या कुशीत झाला.

आता आकडे घेऊ. 'फर्स्ट'च्या स्पर्धेत कित्येक वर्षं 'सिम' नावाची मोटर चालली. १२ व्होल्टची, सव्वा किलोच्या थोडी वर वजनाची, दणकट, चहूबाजूंनी बंद. ही मोटर पूर्ण जाम झाली, म्हणजे वीज मिळते आहे पण दांडा फिरत नाही, तर ती सुमारे १३० अँपिअर ओढते. १२ गुणिले १३०, म्हणजे दीड हजार वॅटच्या वर. बॅटरीचा दाब खाली येतो म्हणून प्रत्यक्षात काही कमी, पण अंदाज घ्या : बादलीत पाणी तापवायचा रॉड साधारण एवढ्याच ताकदीचा असतो. तो रॉड एका मुठीत मावेल अशा लोखंडी डब्यात कोंडलाय, आणि पाणी नाहीच!

जूलचा वर्ग इथे स्पष्ट दिसतो. याच मोटरमधून २० अँपिअर वाहत असतील तर तारेत सुमारे ३७ वॅट उष्णता होते. ४० असतील तर १४७. ८० असतील तर जवळजवळ ५९०. शिवाय तांबं तापलं की त्याचा विरोध वाढतो, शंभर अंशांना सुमारे चाळीस टक्क्यांनी. म्हणजे गरम मोटर तेवढ्याच प्रवाहाला थंड मोटरपेक्षा जास्त तापते. उष्णता उष्णतेला बोलावते.

कुणी विचारेल, मग ब्रेकर कशाला असतो? त्या स्पर्धेत एकेका मोटरच्या वाटेवर ४० अँपिअरचा ब्रेकर असायचा. पण असा ब्रेकर स्वतः तापून तुटतो आणि थंड झाला की पुन्हा जुळतो. थोडा वेळ तो ४० पेक्षा बराच जास्त प्रवाह जाऊ देतो. तो असतो तारांना आग लागू नये म्हणून. मोटरच्या आतली गुंडाळी वाचवणं हे त्याचं काम नाही. विहिरीवरच्या पंपाची मोटर जळाली म्हणून रिवाइंडिंगवाल्याकडे घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. फ्यूज शाबूत आणि मोटर गेलेली, हे त्याने पाहिलेलं असतं.

आता दहीहंडी. सगळ्यात खालच्या थरातला गोविंदा काय करतो? उभा राहतो. भौतिकशास्त्राच्या व्याख्येप्रमाणे तो कार्य शून्य करतो, कारण काहीच हलत नाही. पण घाम त्यालाच सगळ्यात जास्त येतो. यंत्रमानवाच्या हाताने वजन वर उचलून धरून ठेवलं असेल आणि ते धरून ठेवण्याचं काम मोटर करत असेल, तर तिची हीच अवस्था असते. दांडा फिरत नाही, काम शून्य, आणि आत जाणारी सगळी वीज उष्णता होते. धावणारी मोटर कमी तापते, थांबून ताकद लावणारी जास्त. पुष्कळ नवख्या मुलांचा अंदाज नेमका उलटा असतो.

त्यातही एक जात विशेष फसवी. लहान मुलांच्या बॅटरीवरच्या गाड्यांतल्या, ड्रिल यंत्रातल्या मोटरी या स्पर्धांमध्ये खूप वापरल्या गेल्या. त्यांच्यातल्या बऱ्याच मोटरींच्या दांड्यावरच आत छोटा पंखा असतो. मोटर फिरली की पंखा फिरतो, वारा आत खेळतो. हलकी मोटर, भरपूर ताकद, मुलं खूश. पण मोटर जाम झाली की पंखाही थांबतो. उष्णता सर्वांत जास्त असते त्या क्षणी थंडावा शून्य. अशा मोटरी काही सेकंदांत धूर सोडतात.

आत नक्की जळतं काय? तांबं नाही. तांब्याच्या तारेवर इनॅमलचा पातळ थर असतो, तो जातो. एक वळण दुसऱ्याला चिकटलं की संपलं. या थराच्या आयुष्याचा अभ्यास विजेच्या कारखान्यांनी विसाव्या शतकात चिकाटीने केला. १९१३ मध्ये स्टाइनमेट्झ आणि लॅम या अमेरिकन अभियंत्यांनी विद्युतरोधकाच्या तापमानमर्यादांवर निबंध वाचला. १९३० मध्ये मॉन्टसिंगर यांनी ट्रान्सफॉर्मरच्या अनुभवावरून दाखवलं की तापमान ठरावीक अंशांनी वाढलं की रोधकाचं आयुष्य निम्मं होतं. ते आठ अंश म्हणत होते, पुढे व्यवहारात दहा रूढ झालं. १९४८ मध्ये डेकिन यांनी याचं कारण रसायनात दाखवलं : अऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये रासायनिक क्रियांच्या वेगाबद्दल जे मांडलं, तेच इथे लागू पडतं. रोधकांचे वर्ग त्यातूनच आपल्याला ओळखीचे झाले. 'ए' वर्ग १०५ अंशांपर्यंत, 'बी' १३०, 'एफ' १५५, 'एच' १८०.

याचा अर्थ असा की मोटर एका क्षणी 'जळते' हे अर्धसत्य आहे. ती प्रत्येक सामन्यात थोडी थोडी म्हातारी होत असते. ज्या सामन्यात धूर निघाला, त्याच सामन्याला दोष देणं म्हणजे उंटाच्या पाठीवरच्या शेवटच्या काडीला दोष देणं.

आता मधल्या वेळाकडे येऊ. इथे आपला गुरू न्यूटन. १७०१ मध्ये त्याने रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात नाव न घालता, लॅटिनमध्ये, उष्णतेच्या मोजपट्टीबद्दल छोटा निबंध छापला. तापलेला पदार्थ किती वेगाने निवतो? भोवतालापेक्षा तो जितका अधिक गरम, तितक्या वेगाने. आणि एक तपशील मला फार आवडतो. न्यूटनने तापलेलं लोखंड निवांत हवेत ठेवलं नाही. एकसारख्या वाहणाऱ्या वाऱ्यात ठेवलं, म्हणजे गरम झालेली हवा सारखी बाजूला होऊन नवी हवा येत राहील. आज मुलं तंबूत परतल्यावर यंत्रमानवासमोर टेबलफॅन लावतात, तेव्हा ती तीनशे वर्षांपूर्वीचाच प्रयोग करत असतात.

या नियमावरून एक साधा हिशेब मांडू. आकडे मी हिशेबापुरते घेतो आहे. समजा सभागृहात ३० अंश आहेत. एका सामन्यात मोटर ४० अंशांनी तापते. मधल्या विश्रांतीत भोवतालापेक्षा जेवढी जास्त उष्णता आहे त्यातली निम्मी निघून जाते. पहिल्या सामन्याअखेर ७०. विश्रांतीनंतर ५०. दुसऱ्याअखेर ९०. मग ६०, मग १००. वाढ कमी कमी होत जाते आणि अखेर ११० ला थांबते. ठीक आहे, निभेल.

पण बाद फेरी सुरू झाली की काय होतं? साखळी सामन्यांत दोन सामन्यांच्या मध्ये बराच वेळ मिळतो. बाद फेरीत संघ कमी उरतात, म्हणून पाळी लवकर येते. जो जिंकतो त्याला विश्रांती कमी. समजा आता निम्मीऐवजी पावच उष्णता निघते. त्याच हिशेबाने मोटर १९० अंशांकडे चढत जाते. 'एच' वर्गाच्याही वर. चांगल्या संघाची मोटर नेमकी उपांत्य किंवा अंतिम सामन्यात जाते, तेव्हा मुलं नशिबाला बोल लावतात. त्यात नशीब नाही. सकाळच्या सगळ्या सामन्यांची शिल्लक तिथे वसूल होते.

यावर उपाय दोन बाजूंनी करता येतो. एक, निघणारी उष्णता वाढवा. दोन, तयार होणारी कमी करा. पहिला शेषवत्, दुसरा पूर्ववत्.

पहिल्यात काय काय येतं? यंत्रमानव तंबूत आला की मोटरीवरची झाकणं काढा, पंखा लावा. पहिल्या काही मिनिटांत फरक जास्त असतो म्हणून वारा तेव्हाच सर्वाधिक उपयोगी. बॅटरी बदलून, गप्पा मारून मग पंखा लावणं म्हणजे नफ्याचा वेळ दवडणं. कोरड्या फडक्यात गुंडाळलेली बर्फाची पिशवी पुष्कळ संघ लावतात. लावा, पण दमट हवेत थंड धातूवर दव धरतं आणि शेजारी विजेच्या जोडण्या आहेत हे विसरू नका. आणखी एक मर्यादा आहे. कार्बन ब्रशच्या मोटरमध्ये तापणारी गुंडाळी मध्ये फिरणाऱ्या भागावर असते, आणि तिच्या नि बाहेरच्या कवचाच्या मध्ये हवेची फट असते. तुम्ही थंड करता ते कवच. म्हणूनच सामना संपल्यावर काही मिनिटं कवच आणखी तापताना दिसतं. आतली उष्णता तेव्हा बाहेर पोचत असते. कवचाला हात लावून 'निवली' म्हणणं घाईचं. दुरून तापमान सांगणारा इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत धातूवर कमी आकडा दाखवतो. तिथे काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर मोजावं.

दुसऱ्या बाजूला मात्र जूलचा वर्ग आपल्या मदतीला येतो. प्रवाह तीस टक्क्यांनी कमी केला तर उष्णता निम्मी होते. सात साती एकोणपन्नास, म्हणजे शंभरातले एकोणपन्नास. आता मघाचा हिशेब पुन्हा करा. सामन्याला ४० ऐवजी २० अंशांची वाढ, विश्रांती तीच तोकडी. मोटर १९० ऐवजी ११० ला थांबते. बाद फेरीने हिरावलेली सगळी विश्रांती प्रवाहातल्या तीस टक्क्यांनी परत दिली. बर्फाची पिशवी एवढं देऊ शकत नाही.

प्रवाह कमी कसा करायचा? गिअर बदलून. गिअरची घट दुप्पट केली तर तेवढ्याच ओझ्याला मोटरवर निम्मा जोर येतो, निम्मा प्रवाह, पाव उष्णता. वेग कमी होतो, तो सौदा आहे. एका मोटरचं काम दोघींत वाटलं तर प्रत्येकीला पाव उष्णता. वजन धरून ठेवायचं असेल तर ते मोटरने धरू नये. स्प्रिंग, प्रतिवजन, खटका किंवा ब्रेक यांनी धरावं. खालच्या थरातल्या गोविंदाच्या जागी लाकडी खांब उभा करावा. प्रोग्राममध्ये प्रवाहाला मर्यादा घालावी. आणि सगळ्यात स्वस्त उपाय : घर्षण शोधणं. चेन फार ताणलेली, बेअरिंग तिरकं बसलेलं, धडकेत चौकट वाकलेली. यंत्रमानव ठोकळ्यांवर उचलून चाकं हाताने फिरवावीत, मग ओझ्याशिवाय चालवून प्रवाह पाहावा. 'सिम'सारखी मोटर मोकळी फिरताना तीन अँपिअरच्या आत असते. चार मोटरींत एकच जास्त तापत असेल, तर तिला बर्फ लावण्याआधी तिच्या बाजूचं चाक का अडतंय ते बघावं.

गेल्या दहा वर्षांत आणखी एक वळण आलं. २०१९ च्या हंगामापासून 'फर्स्ट'मध्ये ब्रश नसलेल्या मोटरी आल्या. त्यांच्यात गुंडाळी फिरत नाही, त्यामुळे तापमापक आतच बसवता येतो. शाळांच्या 'व्हेक्स' स्पर्धेत त्याआधी मोटरमध्ये तापून वाट बंद करणारा आणि निवल्यावर उघडणारा छोटा रक्षक असायचा. २०१८ च्या सुमारास आलेली त्यांची नवी मोटर स्वतःचं तापमान सांगू लागली. ५५ अंशांना ती आपला प्रवाह निम्म्यावर आणते, मग टप्प्याटप्प्याने आणखी खाली, आणि ७० ला बंद होते.

मोटर वाचली. पण सामना? शेवटच्या वीस सेकंदांत यंत्रमानव मलूल होतो आणि हातात नियंत्रक धरलेलं मूल रडकुंडीला येतं. 'मोटरने दगा दिला' असं म्हणतात. मला वाटतं, तिने दगा दिलेला नाही. पूर्वी जे अनुमान धुरावरून, म्हणजे नुकसान झाल्यावर करावं लागायचं, ते तिने नुकसानीच्या आधी आणून ठेवलं. तरीही ते शेषवत्‌च राहिलं. ५५ हा आकडा कार्य आहे. कारण गिअरमध्ये आहे, चेनमध्ये आहे, उगाच भिंतीला ढकलत राहणाऱ्या चालकाच्या बोटांत आहे.

मोरी यांची एक गोष्ट सांगायची राहिली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना अट घातली होती : फक्त दोन कोरडे सेल, आणि त्यांच्या ऊर्जेवर माणूस बसलेली गाडी चालवून दाखवा. बुद्धविचाराचा अभ्यास असलेला हा माणूस. दोन सेलमध्ये गाडी चालवायची तर उष्णतेत जाणारी प्रत्येक चिमूट शोधावीच लागते. मोठी बॅटरी हाती आली की तो शोध कुणी करत नाही, कारण निष्काळजीपणा लगेच दिसत नाही. तो मोटरच्या आत साठत राहतो आणि अंतिम सामन्यात बाहेर येतो.

म्हणून माझी सूचना एवढीच. प्रत्येक सामन्यानंतर मोटरचं तापमान वहीत लिहा, वेळेसकट. ढग दाटताना दिसतात ते याच वहीत. तिसऱ्या सामन्याला आकडा चढलेला दिसला की पंखा तर लावाच, पण दोन मुलांना फक्त कारण शोधायला बसवा. त्यांना दुसरं काम देऊ नका. ज्या संघांना हे जमतं त्यांच्या तंबूत बर्फ कमी लागतो.

प्रश्न असतील तर घेऊ. इथे थांबतो.